ई४६ एम३ : पोलादी टप काढून कार्बनचा टप बसवताना

गाडी : बीएमडब्ल्यू एम३ कूपे, ई४६ पिढीतली, २००४ ची, सहा गिअरची मॅन्युअल, सनरूफवाली. जागा : इंग्लंडमधलं कव्हेंट्री, मित्राच्या वर्कशॉपमधला कोपरा. वेळ : शनिवार-रविवार आणि सुट्ट्या.

४ मार्च २०२३, शनिवार

गाडी आणून लावली. टाटांनी २००८ साली इथली जॅग्वार लँड रोव्हर घेतली तेव्हापासून या भागात पुण्या-पिंपरीकडचे बरेच इंजिनिअर येऊन-जाऊन असतात. त्यामुळे शनिवारी वर्कशॉपमध्ये सल्ला भरपूर मिळतो, हात कमी मिळतात. वर्कशॉपचा मालक चिंचवडचा, बॉडीशॉपमध्ये भाग जागेवर धरणाऱ्या जिग-फिक्स्चरमध्ये मुरलेला. त्याने सनरूफ एकदा उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "चालतंय की रे व्यवस्थित. कशाला काढतोस?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशोब इथेच लिहून ठेवतो.

या गाडीची सीएसएल ही हलकी आवृत्ती २००३ साली आली. १,३८३ गाड्या बनल्या. साध्या एम३ पेक्षा ११० किलो हलकी, इंजिन ३४३ ऐवजी ३६० हॉर्सपॉवरचं, आणि टप कार्बन फायबरचा. फोटोत तो काळा टप उठून दिसतो, म्हणून लोकांना वाटतं की हलकेपणाची सगळी किमया त्याचीच. खरं तर त्या ११० किलोंत टपाचा वाटा साधारण सहा किलोंचा. उरलेलं सीट, पातळ मागची काच, आवाज अडवणारं अस्तर अशा न दिसणाऱ्या गोष्टींतून गेलं.

सहा किलो कुठून येतात ते कागदावरही सापडतं. टपाचं क्षेत्रफळ अंदाजे १.३ चौरस मीटर धरा. ०.८ मिलिमीटरचा पोलादी पत्रा म्हणजे आठ किलोंच्या आसपास. तोच टप दीड मिलिमीटर जाडीच्या कार्बनचा केला तर तीन किलो. फरक पाच-सहा किलो. एवढ्यासाठी चांगली गाडी कापायला कोणी सांगणार नाही, मीही सांगत नाही.

माझ्या गाडीत मात्र सनरूफ आहे, आणि ते कॅसेट, मोटर, रूळ, झाकण असं सगळं मिळून टपापेक्षा जड आहे. शिवाय ते गाडीच्या सर्वांत उंच जागी बसलेलं. म्हणजे माझा फायदा कार्बन बसवण्यात थोडा आणि सनरूफ काढण्यात जास्त. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग बिनसनरूफचा पोलादी टपच बसव, निम्म्या पैशात होईल." यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर नव्हतं. मला कार्बनचा हवा होता.

एक मात्र सांगायला हवं. या मॉडेलला मागच्या ॲक्सलच्या आधारापाशी बॉडीचा तळ चिरण्याचा प्रसिद्ध आजार आहे. ते काम आधीच करून घेतलेलं आहे. ज्याचं झालेलं नाही त्याने टपाचा विचार पुढच्या वर्षी करावा.

११ मार्च, शनिवार

टप आला. लाकडी पेटीत, फोममध्ये, नीट.

बाजारात तीन प्रकारचा माल मिळतो. पहिला म्हणजे जुन्या पत्र्यावर चिकटवायची पातळ कार्बनची साल. तिने वजन वाढतं, त्यावर बोलायला नको. दुसरा, साच्यात हाताने किंवा व्हॅक्यूमने रेझिन (सुकून घट्ट होणारं राळेसारखं द्रव्य) भरून साध्या तापमानाला सुकवलेला. तिसरा प्रीप्रेग, म्हणजे कापडात रेझिन आधीच मुरवलेलं असतं आणि भाग दाबाखाली १२० अंशांच्या आसपास भाजून काढतात. दुसरा आणि तिसरा नवा असताना सारखेच चमकतात. फरक उन्हात कळतो. साध्या तापमानाला सुकवून वर भाजणी न दिलेलं इपॉक्सी रेझिन ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतं, आणि काळा टप उन्हात त्याच्या पुढे आरामात जातो. मग रेझिन खाली बसतं आणि कापडाची वीण वरच्या लॅकरमधून उमटते. इंग्लंडमध्ये दोन-तीन उन्हाळे निघतीलही. गाडी उद्या पुण्याला नेली तर मे महिन्याचे पहिले दोन आठवडे पुरेत. म्हणून प्रीप्रेगचाच घेतला. वजन काट्यावर ३.६ किलो. कागदावरच्या हिशोबापेक्षा थोडं जास्त, कारण कडांना थर जास्त आहेत.

काहीही कापायच्या आधी नवा टप जुन्याच टपावर उपडा न करता, आहे तसा ठेवून पाहिला. मध्ये पातळ फोमच्या पट्ट्या. गोलाई जुळते. चारही बाजूंच्या रेषा जुळतात. एवढी खात्री पत्रा शाबूत असतानाच करून घ्यावी, नंतर परत पाठवायला काही उरत नाही.

खरी तपासणी कडेची. जुना पत्रा टपाच्या दोन्ही कडांच्या लांब पन्हळीत थेट साइड फ्रेमवर (गाडीच्या बाजूच्या सांगाड्यावर) बसून स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड, झालेला असतो. नवा टप गोंदावर बसणार, आणि गोंदाला जाडी लागते. पोलादी टपावरून जसाच्या तसा साचा काढून केलेला भाग असेल तर तो गोंदाच्या जाडीइतका वर उचललेला दिसणार, वरून कितीही सुंदर असो. त्यामुळे कार्बनच्या टपाची खाली वळलेली कड (फ्लँज) मुळापेक्षा उथळ असायला हवी. डेप्थ गेज घेऊन पूर्ण कडेने फिरलो. बहुतेक ठिकाणी गोंदासाठी तीन मिलिमीटर जागा सोडलेली आहे. मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र जेमतेम एक. तिथे कापडाच्या थरांचा जोड एकावर एक आला आहे आणि फ्लँज फुगली आहे. खूण करून ठेवली.

दुसरी तपासणी मल्टिमीटरने. कार्बन वीज वाहून नेतो, आणि पोलादाला टेकून ओलावा मिळाला की दोघांची बॅटरी होते. त्यात गंजतं ते पोलाद; कार्बनला काही होत नाही. म्हणून कार्बनच्या फ्लँजखाली काचेच्या कापडाचा एक थर असावा लागतो. मीटरची टोकं फ्लँजच्या खालच्या बाजूला लावत गेलो : कुठेही प्रवाह नाही. थर आहे.

१८ मार्च, शनिवार

आतलं सगळं काढलं. पुढच्या सीट, मागची बैठक, तिन्ही पिलरची (टप तोलणारे खांब, पुढून मागे ए, बी, सी) आवरणं, सन व्हायझर, हँडल, वरचा दिवा.

या गाडीत छताच्या कडेने डोक्यासाठी नळीसारखी फुगणारी एअरबॅग आहे. बॅटरी डिकीत, उजव्या बाजूला. तिची निगेटिव्ह तार काढली, चहा पिऊन आलो आणि मगच एअरबॅगच्या प्लगला हात लावला. दोन्ही नळ्या काढून कपाटात, माणसांच्या वावरापासून लांब. इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत एअरबॅगचा दिवा पेटलेला राहिला तर गाडी नापास होते, त्यामुळे प्लग, क्लिपा, स्क्रू सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत नाव घालून.

छताचं लाइनर, म्हणजे आतलं अस्तर, अजून आतच आहे. दारातून काढता येतं म्हणतात, पण वाकवावं लागतं आणि घडी पडते. काच निघाल्यावर पुढून सरळ बाहेर येईल. हे लाइनर तसंही परत लागणार नाही, कारण सनरूफचं आणि बिनसनरूफचं लाइनर वेगळं असतं. पण विकायचं आहे.

२२ मार्च, बुधवार

आज पाडवा. गाडीला हात लावला नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत विमा कंपनीला फोन करून बदल कळवला. पलीकडच्या बाईंनी यादीतून "बॉडी पॅनेल" निवडलं, मटेरियल विचारलं, स्ट्रक्चरल, म्हणजे बॉडीच्या मजबुतीचा भाग, आहे का विचारलं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. हो म्हणालो. लेखी मागितलं, त्यांनी कामाचे फोटो आणि गोंदाची माहिती पाठवायला सांगितली. हप्ता थोडा वाढला. न कळवता बसवणारे पुष्कळ आहेत. अपघात झाला की कळवणं किती स्वस्त होतं ते त्यांना समजतं.

२५ मार्च, शनिवार

पुढची आणि मागची काच काढली. दोन्ही पॉलियुरेथेनने चिकटवलेल्या असतात. आतून-बाहेरून वायर ओढत तो थर कापायचा. पुढची काच गेली तर नवी मिळते. मागच्या काचेत रेडिओचा अँटेना आणि धुकं घालवणाऱ्या तारा आहेत, म्हणून तिच्यासाठी वेळ घेतला. दोन्ही शाबूत निघाल्या.

पुढची काच काढल्यावर एक गोष्ट डोळ्यांसमोर आली जी चर्चेत कधी येत नाही. काचेची वरची कड टपाच्याच पुढच्या ओठावर चिकटते. म्हणजे टप बदलल्यावर काच कार्बनवर चिकटणार. पुढे बसलेल्याची एअरबॅग फुगताना काचेवर रेलते, आणि गाडी उलटली तर काच टपाला आधार देते. तेव्हा हा ओठ भक्कम हवा आणि त्यावरचं चकचकीत लॅकर घासून काढून प्रायमर लावायला हवा. लॅकरवर चिकटवलेली काच लॅकरसकट निघते.

१ एप्रिल, शनिवार

मोजमाप आणि आधार. कापाकापी नाही.

गाडी चारही चाकांवर, सपाट फरशीवर, दारं बंद. जॅकवर ठेवून टप कापायचा नाही. बॉडी जराशी जरी पिळलेली असेल तरी नवा टप त्या पिळासकट चिकटतो आणि तो पीळ कायमचा होतो. दारांच्या फटी फीलर गेजने मोजून टेपवर तिथेच लिहिल्या. काचांच्या चौकटीच्या कोपऱ्यांत पंचने खुणा करून कर्ण मोजले. डावी-उजवी बी पिलर सीट बेल्टच्या वरच्या बोल्टांना चौकोनी नळी बांधून जोडली, दुसरी नळी मागे.

मित्राचं म्हणणं एवढं सगळं करायची गरज नाही, बाजूच्या रेल आणि काचांवरचे आडवे हेडर जागेवर राहतात, नुसती साल निघते. बरोबर आहे त्याचं. तरीही नळ्या राहू दिल्या.

७ एप्रिल, गुड फ्रायडे, आणि ८ एप्रिल

सनरूफची कॅसेट काढली. पाणी वाहून नेणाऱ्या चार नळ्या तिच्या चार कोपऱ्यांना असतात, पुढच्या दोन ए पिलरमधून खाली जातात, मागच्या दोन मागे. कॅसेट, झाकण, मोटर मिळून १७.४ किलो. दोघांनी धरून काढताना हे वजन आपण रोज डोक्यावर घेऊन हिंडत होतो हे नीटच कळलं.

मग पत्रा. मधला भाग कडेपासून चार बोटं सोडून कटरने कापला. ठिणग्या आत उडू नयेत म्हणून सगळीकडे ओलं ब्लँकेट. मधला भाग निघाला की स्पॉट सहज दिसतात आणि हाताला जागा मिळते.

स्पॉट काढणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं काम. पन्हळीत तीन थर आहेत : वर टप, मध्ये साइड फ्रेम, खाली आतली रेल. कापायचा फक्त वरचा. आठ मिलिमीटरचा स्पॉट कटर, मंद गती, थोडं तेल, आणि मधल्या थराचा रंग दिसला की थांबायचं. शंभराच्या वर स्पॉट आहेत. जिथे कटर पोचत नाही तिथे बोटाएवढ्या पट्ट्याच्या सँडरने वरचा थर कागदासारखा पातळ करून छिन्नीने उचलला. शेजारच्या युनिटमधला म्हातारा इंग्रज वेल्डर डोकावून गेला. त्याने काही सल्ला दिला नाही, फक्त त्याचा स्वतःचा छोटा सँडर आणून ठेवला. आमच्यापेक्षा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्रा पूर्ण निघाला. तुकडे सगळे मिळून ६.३ किलो. कर्ण पुन्हा मोजले. हलले नाहीत.

१५ एप्रिल, शनिवार

मागच्या उजव्या कोपऱ्यात, सनरूफच्या नळीच्या तोंडाशी, गंज. वरून काहीच दिसत नव्हतं. नळी कधीतरी तुंबली असणार आणि पाणी फ्लँजवर साचलं असणार. आरपार गेलेला नाही, पण पांढऱ्या लोखंडापर्यंत घासावं लागलं. टप काढला नसता तर अजून पाच वर्षांनी लाइनरवर डाग पडल्यावर कळलं असतं.

आता आडव्या कमानीबद्दल. बिनसनरूफच्या कूपेत टपाखाली एका बाजूच्या रेलपासून दुसऱ्या बाजूच्या रेलपर्यंत पोलादी कमान असते. सनरूफच्या गाडीत तिथे भोक असल्याने कमान नसते. ते काम सनरूफची चौकट करते. आपण चौकट काढून फक्त कार्बनचा टप चिकटवला तर मध्ये काहीच उरत नाही. बाजूने धडक बसली की बी पिलर आत येऊ नये म्हणून हीच कमान दोन्ही बाजूंना एकमेकींपासून लांब धरते. कार्बनचा दीड मिलिमीटरचा पापुद्रा ते करेल अशी आशा ठेवता येत नाही.

लोकांचे असे टप बसवलेले फोटो पाहिलेत, त्यातल्या काहींत कमान नाही. दिसायला तीच गाडी. मी सुट्या भागांच्या यादीतून बिनसनरूफच्या कूपेची कमान मागवली. वजन १.१ किलो, आणि या सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक. दोन्ही टोकांना मित्राने वेल्ड केली. त्याला वेल्डिंग करताना पाहणं हा आनंद असतो. बोलत काही नाही, मुखवट्याची काच वर करून एकदा बघतो आणि पुढे जातो.

२२ आणि २३ एप्रिल

अक्षय्य तृतीया आणि इपॉक्सी प्रायमर एकाच शनिवारी. घरून आलेल्या पुरणपोळ्या वर्कशॉपच्या मायक्रोवेव्हमध्ये.

पूर्ण फ्लँज घासून, पुसून, इपॉक्सी प्रायमर मारला. उघड्या लोखंडावर गोंद लावायचा की प्रायमरवर, यावर लोक भांडतात. उत्तर गोंद कुठला त्यावर असतं. माझा लवचिक पॉलियुरेथेन आहे, त्याला नीट सुकलेला प्रायमर आणि वर त्याचाच खास प्रायमर लागतो. लोखंड उघडं ठेवलं तर गोंदाखालून गंज सरकत जातो, आणि तो दिसत नाही.

गोंदाची निवड. इथे थोडं थांबून लिहितो, कारण सगळा प्रकल्प यावर उभा आहे.

पॅनेल चिकटवायला बॉडीशॉपमध्ये कडक इपॉक्सी वापरतात. पाव मिलिमीटर जाडीचा थर, ताकद प्रचंड. पत्र्यावर पत्रा असेल तर उत्तम. इथे एका बाजूला पोलाद आहे, दुसऱ्या बाजूला कार्बन. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं, अशा विणीचा कार्बन दोन-तीनच. टपाची लांबी १.२ मीटर धरली आणि तापमान चिकटवतानाच्या २० अंशांवरून ७० वर गेलं, तर पोलाद ०.७ मिलिमीटर लांबेल आणि कार्बन ०.१५. दोन्ही टोकांना विभागून प्रत्येकी चांगला ०.२८ मिलिमीटरचा फरक. पाव मिलिमीटर जाडीच्या कडक थराला स्वतःच्या जाडीहून जास्त सरकायला सांगितल्यासारखं आहे. तो एक तर तडकतो, नाहीतर टपाला ओढून लाटा पाडतो. तोच फरक तीन मिलिमीटरच्या लवचिक थरात दहा टक्केही होत नाही. प्रत्यक्षात पोलादी रेल टपाइतकी तापत नाही, त्यामुळे फरक याहून कमीच असतो. पण हिशोब वाईटात वाईट दिवसाचा करायचा.

म्हणून तीन मिलिमीटर. म्हणून उथळ कड. म्हणून तो मागचा डावा कोपरा.

कोपऱ्याचं काम रविवारी केलं. थरांच्या जोडावर फ्लँज तीन मिलिमीटरहून जाड झाली होती, म्हणजे घासायला माल होता. पाण्याच्या पॉलिश पेपरने, कारण कार्बनची कोरडी धूळ फुप्फुसांना त्रास देतेच आणि वीजवाहक असल्याने चार्जर, मोटर यांच्यात शिरली तर तिथेही उपद्रव. घासून गोंदासाठी जागा दोन मिलिमीटरवर आली. याहून खाली गेलो तर मूळ थर कापले जातील. दोन पुरेत. घासलेल्या जागी काचेच्या कापडाचा पातळ थर इपॉक्सीने बसवला आणि सुकल्यावर मल्टिमीटर पुन्हा फिरवला.

१ मे, सोमवार

इथे बँक हॉलिडे, तिकडे महाराष्ट्र दिन. कोरडी जुळणी, म्हणजे गोंद न लावता. कडेने तीन मिलिमीटरचे रबरी ठोकळे चिकटवले, त्यावर टप ठेवला, काचा नुसत्या टेकवल्या, पन्हळीतल्या काळ्या पट्ट्या बसवून पाहिल्या. उंची काच, टप, साइड फ्रेम अशी बोट फिरवत तपासली. डोळा फसवतो, बोट सहसा फसवत नाही. पुढे एक ठोकळा बदलून जागा पक्की केली आणि टेपवर रेघा मारल्या, म्हणजे गोंद लावल्यावर शोधाशोध नको.

८ मे, सोमवार

राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाची जादा सुट्टी. तीच चिकटवण्यासाठी राखून ठेवली होती, कारण चार माणसं मोकळी हवी होती.

वर्कशॉपमध्ये आदल्या रात्रीपासून हीटर लावून तापमान २१ अंश. टपही रात्रभर आतच, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच तापमानाला. गोंद दोन घटकांचा घेतला आहे. एका घटकाचा पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने सुकतो, दिवसाला तीन-चार मिलिमीटर. रुंद फ्लँजखाली दोन्ही बाजूंनी झाकलेल्या थरात ओलावा पोचायला फार वेळ लागतो. दोन घटकांचा आतून सुकतो, पण हातात वेळ कमी देतो. पंधरा मिनिटं धरून चाललो.

क्रम आधी बोलून घेतला. कोण काय उचलणार, कोण कुठे उभा, कोणी बोलायचं. बोलायचं फक्त मित्राने. दोन्ही फ्लँज पुसल्या, प्रायमर, तो सुकेपर्यंत थांबलो. मग गनने गोंदाची त्रिकोणी ओळ, व्ही कापलेल्या नळीने, सलग. त्रिकोणी अशासाठी की दाबताना शेंडा आधी टेकतो आणि हवा बाजूंनी निघून जाते. गोल ओळीत हवा अडकते आणि तिथून पुढे पाणी येतं. मधल्या कमानीवर वेगळा, मऊ गोंद, ठिपक्यांनी. तिथे ताकद नको असते, टप थरथरू नये एवढंच हवं असतं. कडक गोंद लावला तर बाहेरून कमानीची रेघ दिसते.

सक्शन कपांनी टप उचलला, चौघांनी, पुढच्या रेघेवर आधी टेकवला आणि मागे सोडत आणला. "सोडा," म्हणाला, सोडला. ठोकळ्यांपर्यंत हाताने दाबला. क्लॅम्प लावले नाहीत. क्लॅम्पखाली गोंद पिळून निघतो आणि तिथेच थर पातळ होतो. वाळूच्या छोट्या पिशव्या कडेने ठेवल्या. बाहेर आलेला गोंद पुसला. मग जेवलो. कोणीतरी झणझणीत मिसळ आणली होती, पाव इंग्रजी.

दोन दिवस गाडी हलवली नाही, दारं उघडली नाहीत.

१३ मे, शनिवार

मल्टिमीटर : टप आणि बॉडी यांच्यात प्रवाह नाही. लाइनर घालायच्या आधी हे पाहणं सोपं असतं.

आधाराच्या चौकोनी नळ्या काढल्या. कर्ण, दारांच्या फटी, सगळं टेपवरच्या आकड्यांशी जुळलं. काचा चिकटवल्या.

२० मे, शनिवार

पाण्याची चाचणी. लाइनर अजून घातलेलं नाही, मुद्दाम. आत मी टॉर्च घेऊन, बाहेर मित्र पाइप घेऊन, आणि त्याला हे काम जरा जास्तच आवडलं. कोरडं. सनरूफच्या जुन्या नळ्या काढून त्यांची बॉडीतली भोकं रबरी बुचांनी बंद केली होती, तीही कोरडी.

पाण्याचा आवाज मात्र मोठा आहे. पातळ कार्बन पत्र्यापेक्षा जास्त वाजतो. कमानीच्या दोन्ही बाजूंना आवाज दाबणाऱ्या हलक्या पट्ट्या चिकटवल्या, सगळा टप भरला नाही. सगळा भरला तर वाचवलेलं वजन परत वर जातं.

मग बिनसनरूफचं लाइनर, जुन्या गाडीतून मिळालेलं. एअरबॅगच्या नळ्या, पिलरची आवरणं, सीट. बॅटरी जोडली. एअरबॅगचा दिवा पेटला, डायग्नोस्टिकने जुनी नोंद पुसली, परत आला नाही. डोक्यावर जागा जाणवण्याइतकी वाढली आहे. मी पाच फूट अकरा, आणि ट्रॅकवर हेल्मेट घालून आता सरळ बसता येतं. खरं सांगायचं तर रोजच्या वापरात सर्वांत मोठा फायदा हाच.

३ जून, शनिवार

हिशोब पुरा करतो. काढलं : पत्रा ६.३, सनरूफ १७.४, एकूण २३.७ किलो. घातलं : टप ३.६, कमान १.१, गोंद आणि पट्ट्या १.२, एकूण ५.९. निव्वळ १७.८ किलो कमी. त्यातलं कार्बनचं कर्तृत्व तीन किलोही नाही, बाकी सनरूफ.

पण हे वजन कुठून गेलं ते बघायला हवं. ते जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर होतं, आणि अशा गाडीचा गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. दीड टनाच्या गाडीत हे धरून मांडलं तर गुरुत्वमध्य सुमारे १० मिलिमीटर खाली येतो. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन त्या प्रमाणात, म्हणजे दोन टक्के, कमी होतं. डिकीतून १८ किलो काढले असते तर हे झालं नसतं. मला चालवताना फरक जाणवतो का? एका मोठ्या राउंडअबाउटवर वाटतं की जाणवतो. मित्र म्हणतो वाटणारच, एवढे पैसे घातल्यावर.

१० जून, शनिवार

पहिला खरा कडक दिवस. गाडी दुपारभर उन्हात उभी केली. इन्फ्रारेड गेजने टपावर ६८ अंश, शेजारच्या चंदेरी रेलवर ४७. कडेने बोट फिरवलं, उंची तशीच. तिरकस उजेडात लाट नाही, वीण उमटलेली नाही. लॅकर अतिनील किरण अडवणारं आहे. ते नसेल तर खालचं इपॉक्सी काही वर्षांत पिवळं पडतं. दर उन्हाळ्याला याच कोनातून फोटो घेऊन तुलना करणार.

२५ जून, रविवार

मोटरवेवर ७० मैलांना डाव्या बाजूने बारीक शीळ. गोंदाचा काही संबंध नाही, पन्हळीतली काळी पट्टी पुढच्या टोकाला अर्धा मिलिमीटर वर राहते. पट्टीखालची क्लिप बदलली, शीळ गेली.

विमा कंपनीला फोटो पाठवले. सनरूफची कॅसेट आणि जुनं लाइनर विक्रीला काढलं आहे. म्हातारा वेल्डर परवा विचारत होता की कमान वेल्ड केली की नाही. केली म्हटल्यावर मान हलवून गेला.

पुढचं काम मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचे वरचे माउंट. ते आत दडलेले आहेत आणि कोणाला दिसत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी वर्कशॉपमध्ये गर्दी नसेल.